समाईक रान

ताईच्या दोन्ही भावांचं बोलणं बंद झालं त्याला एक तप उलटून गेलं होतं, आणि त्याच काळात त्या सगळ्या मुलखातलं एकच रान शाबूत राहिलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ताईच्याही नाही.

तीन भावंडांत ताई मधली. थोरला दादा आणि धाकटा भाऊ, दोघंही मोठे शेतकरी. नजर पोचेल तिथवर सोयाबीन, फवारणीला विमान, कापणीला घराएवढी यंत्रं. ताई धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर नोकरीला होती. भरलेला ट्रक काट्यावर चढला की काचेच्या केबिनमधून वजन घ्यायचं, मालात लांब पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा, ओलावा बघायचा, माती-काडी बघायची आणि पावती फाडायची. ड्रायव्हर लोक तिला ‘काटेवाल्या ताई’ म्हणत. त्यातला काटा वजनाचा की बोचणारा, हे ज्याच्या त्याच्या मालावर अवलंबून असे.

वडिलांनी तरुणपणी रान तोडतोडून जमीन केली होती. थकले तेव्हा अंथरुणावरूनच त्यांनी तोंडी वाटणी केली. ओढ्याच्या वरचं सगळं दादाला, खालचं सगळं भाऊला, आणि मधे जे रान तोडायचं राहून गेलं होतं ते दोघांत समाईक. ‘दोघांनी मिळून ठरवा,’ म्हणाले. त्यांना वाटलं, त्या निमित्ताने पोरं एकमेकांशी बोलत राहतील. ताईचा विषयच निघाला नाही. तिला नोकरी होती, नवरा बंदरावर कामाला होता, तिचं बरं चाललं होतं. बरं चाललेल्या माणसाची वाटणीत कुणाला आठवण होते!

वडील गेले त्याच हंगामात भांडण झालं. कापणीचं यंत्र तेव्हा दोघांत एकच. थोरला म्हणून दादाने ते आधी नेलं, आणि त्याचं शेत संपता संपता आभाळ फाटलं. आठवडाभर उघडीप नाही. भाऊच्या सोयाबीनला शेंगेतच मोड आले. भाऊ ओलाचिंब होऊन दादाच्या दारात उभा राहिला तेव्हा दादा म्हणाला, ‘‘मग मी काय करू? आभाळाला मी फोन केला होता का?’’

तेवढंच. पण काही वाक्यं अशी असतात की बोलणारा विसरतो आणि ऐकणारा त्यावर जन्म काढतो. भाऊ तिथूनच मागे फिरला.

तेव्हापासून दोघांचे निरोप ताईमार्फत जाऊ लागले. दादा काट्यावर यायचा, खिडकीत डोकं घालायचा आणि म्हणायचा, ‘‘त्या गाढवाला सांग, त्याच्या विमानाचं औषध परत माझ्या घरावर आलं तर विमान खाली पाडीन.’’

ताई संध्याकाळी भाऊला म्हणायची, ‘‘दादा विचारत होता, फवारणी पहाटे जमेल का? वारा पडलेला असतो तेव्हा.’’

‘‘त्याला म्हणावं, आभाळ काय त्याच्या बापाचं आहे?’’

बाप दोघांचा एकच असल्यामुळे हा निरोप ताईने पोचवला नाही. दादाला ती म्हणाली, ‘‘जमेल म्हणाला.’’ आणि खरोखरच विमान पहाटे यायला लागलं, कारण भाऊ मनाने वाईट नव्हता, फक्त तोंडाने होता. दादाचंही तेच. असे शिव्यांचे नमस्कार करून पोचवता पोचवता ताईचे केस पिकले. दोघं एका ताटात जेवलेले तिला एकदा बघायचे होते. दुसरी काही फार मोठी इच्छा तिला नव्हती.

राहिलं रान. दोघांनाही ते तोडायचं होतं, हे सांगायला नको. आजूबाजूचे सगळे तोडून मोकळे झाले होते. पण दादाला तोडायची हुक्की आली की भाऊला अचानक झाडांचा कळवळा यायचा. ‘‘वडिलांची आठवण आहे ती. मी असेपर्यंत फांदी तोडू देणार नाही.’’ दोन वर्षांनी भाऊने यंत्रवाल्याला बोलावलं की दादाला पाखरांची दया यायची. ‘‘बिचाऱ्यांनी जायचं कुठं?’’ दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. तिसरा बिचारा मधे उभा राहून गुपचूप वाढत होता. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसू नये एवढं ते रान होतं, आणि आत काय आहे हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ताईला तर तिथले डास, जळवा आणि अंधार यांची मनापासून किळस होती.

आणि एके दिवशी काट्यावर एक बाई आल्या. माल घेणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या कुठल्याशा संघटनेच्या पाहणीवाल्या बाई. पायात गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दुर्बीण. उपग्रहातून काढलेलं चित्र त्यांनी ताईसमोर टेबलावर पसरलं. सगळा मुलूख पिवळट तपकिरी चौकोनांचा, आणि मधोमध एक गडद हिरवा पट्टा.

‘‘एवढं एकच उरलंय,’’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. ‘‘दोन्ही बाजूंना एवढी मोठी शेती, आणि मधे दोघा भावांनी रान जपलंय. हीच तर समतोलाची गोष्ट! आम्ही जगभर हेच शोधत फिरतो. हे त्यांनी कसं साधलं हो?’’

ताईने चित्राकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. ‘‘दोघांचंही एकमेकांवर बारीक लक्ष असतं,’’ ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

‘समतोल पुरस्कार’ जाहीर झाला. अट एकच, दोघा भावांनी मिळून तो स्वीकारायचा. शिवाय पुरस्कार मिळालेल्या शेतातला माल चांगल्या दराने उचलला जाणार होता. ताईने दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं, ‘‘तू नाही गेलास तर तो एकटाच जाईल हं.’’ दोघंही नवे कपडे घालून आले.

कार्यक्रम धान्यकोठाराच्या सभागृहात होता. व्यासपीठावर दादा आणि भाऊ शेजारी शेजारी बसले, पण माना अशा फिरवलेल्या की दोन वेगळ्या कार्यक्रमांना आले असावेत. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, त्यात रानाचं नाव तीनदा चुकवलं. मग दिवे मालवून पडद्यावर रानाची फिल्म दाखवली. पाहणीवाल्या बाईंच्या माणसांनी दोन महिने आत राहून ती काढली होती.

ताई दुसऱ्या रांगेत बसली होती. पडद्यावर तिच्या आयुष्यभराच्या शेजारचं ते काळं रान एकदम उजळलं. अंगावर ठिपके असलेलं एक रानमांजर पिल्लाला तोंडात धरून ओढा ओलांडत होतं. ढोलीतल्या घरट्यात कोंडलेल्या पक्षिणीला नर मोठ्या चोचीने एकेक फळ भरवत होता. उंच शेंड्यांवरून पहाटे वाफ उठत होती, आणि मागून बाईंचा आवाज सांगत होता, की झाडं नुसता पाऊस पितात असं नाही, पाऊस घडवतातही. रान गेलं की पाऊस आधी उशिरा येतो, मग कमी येतो, मग त्याच्या येण्याचा भरवसा राहत नाही.

ताईच्या अंगावर काटा आला. उत्तरेकडच्या शेतांचे ट्रक तिला आठवले. तिकडचं रान केव्हाच साफ झालं होतं, आणि गेले काही हंगाम तिकडून येणारा दाणा बारीक, सुरकुतलेला, हातात घेतला तर खुळखुळणारा असायचा. ‘यंदा पाऊस लांबला हो,’ ड्रायव्हर दर वर्षी म्हणायचे, आणि दर वर्षी ती ‘हो ना’ म्हणून पावती फाडायची.

तेवढ्यात पडद्यावर एक प्रचंड झाड आलं. कॅमेरा बुंध्यावरून वर वर चढत गेला आणि संपेचना. अंधारात भाऊचा आवाज आला, ‘‘दादा, बुंधा बघितलास का?’’

इतक्या वर्षांत भावाने भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. दादा खुर्चीतून पडद्याकडे वाकला. मग तो म्हणाला, ‘‘चार माणसांच्या कवेत यायचा नाही रे.’’

‘‘आणि सरळ केवढा!’’

‘‘आणि असे किती असतील!’’

दिवे लागले तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. सभागृह उठून उभं राहिलं. पाहणीवाल्या बाईंनी डोळे पुसले. फोटोवाला खुर्चीवर चढला. ताई तर हुंदके देऊन रडली. रानाने माझे भाऊ मला परत दिले, असं तिला वाटलं. बाईंचं भाषण त्या सभागृहात एकूण एकाच माणसाला पटलं होतं, आणि त्या माणसाला पुरस्कार नव्हता.

पुढचे काही दिवस ताईच्या आयुष्यातले सुखाचे. दोन्ही घरं दादाच्या अंगणात एकत्र जेवली. मोठी वहिनी आणि धाकटी भावजय यांनी इतक्या वर्षांच्या साठवलेल्या गप्पा मारल्या. दादाने भाऊच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘‘त्या दिवशी मी बोलायला नको होतं रे.’’ भाऊ म्हणाला, ‘‘जाऊ दे, आभाळाचा नंबर माझ्याकडेही नव्हता.’’ सगळे पोट धरून हसले.

त्याच जेवणात दादाने टेबलावर मिठाची आणि पाण्याची भांडी मांडून दाखवली. ‘‘हे माझं शेत, हे भाऊचं. आता दोघा भावांत आडपडदा कशाला? मधलं रान काढलं की कापणीचं यंत्र माझ्या फाटकापासून सोडलं ते थेट भाऊच्या पंपाशी जाऊन थांबेल. कुठं वळायला नको.’’

भाऊ म्हणाला, ‘‘आणि लाकूड किती निघेल ते फिल्ममध्ये बघितलंच आपण.’’

ताईचा घास हातातच राहिला. ‘‘अरे, पण रानासाठी पुरस्कार घेतलात ना?’’

‘‘ताई,’’ भाऊ समजुतीने म्हणाला, ‘‘पुरस्कार रानाला नाही, आम्हाला मिळालाय. आम्ही कुठं जातोय?’’

‘‘आणि ओढा?’’

‘‘ओढ्याला पाइप टाकू.’’

‘‘आणि त्या बाई परत आल्या म्हणजे?’’

‘‘रस्त्याच्या कडेनं दोन-तीन रांगा ठेवू की,’’ दादा म्हणाला. ‘‘गाडीतून तेवढंच दिसतं. पुढे पाटी लावू.’’

दुसऱ्या दिवशी ताईने पाहणीवाल्या बाईंना फोन लावला. बाई कुठल्याशा विमानतळावर होत्या. त्यांना फार वाईट वाटलं. पण पुरस्कार झालेल्या कामाचा असतो, पुढच्या कामाचा नसतो, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या पाहणीला अजून बराच अवकाश होता. ‘‘तुम्ही त्यांना समजावून सांगा ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं ते ऐकतात.’’

समजावून सांगण्याने दोघं बधणार नाहीत हे ताईला माहीत होतं. त्यांचं कशाने बिनसेल हेही माहीत होतं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली. दोन दिवस तिने तो विचार बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी रानाच्या कडेला झाडं पाडायचं पिवळं यंत्र येऊन उभं राहिलेलं दिसलं.

करायचं फार काही नव्हतं. इतकी वर्षं ती निरोपांवर साखर पेरत होती, ती फक्त पेरायची नाही. दादा खिडकीत आला आणि हसत म्हणाला, ‘‘धाकट्याला हिशेबातलं काही कळत नाही, अजून पोरच आहे. पण चालायचंच.’’ ताईने संध्याकाळी तो निरोप जसाच्या तसा, वर एक उसासा टाकून, भाऊला पोचवला.

भाऊ खदखदून हसला. ‘‘खरंच आहे ते!’’ म्हणाला, आणि तिच्यासमोरच खिशातून फोन काढून दादाला लावला. ‘‘दादा, मी पोर तर तू म्हातारा! उद्या यंत्रवाल्याकडे येतोस ना?’’

ताई बघत राहिली. दोघांकडे आता एकमेकांचे नंबर होते.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला जे वाटलं त्याला चांगलं नाव नव्हतं. रानाचं दुःख होतंच. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. आता आपली गरज कुणाला उरली नाही, हे. देवाने मागणं ऐकलं होतं आणि तिला कामावरून काढून टाकलं होतं.

रविवारी पुन्हा सगळे दादाकडे जमले. यंत्र सोमवारी सुरू होणार होतं. दादा खुशीत होता. ‘‘मधले,’’ तो म्हणाला, ‘‘आमचं जुळलं ते तुझ्यामुळे. तुला आम्ही कधी काही दिलं नाही. माग काय हवं ते.’’

‘‘खरंच मागू?’’

‘‘माग ना ताई,’’ भाऊ म्हणाला. ‘‘दादा कमी पडला तर मी आहे.’’

‘‘वडिलांच्या जमिनीत माझी वाटणी. मला रान द्या.’’

मोठी वहिनी भांडी उचलत होती, ती थांबली. दादाला वाटलं, ही थट्टा करतेय. ‘‘रान कशाला? शहराकडे तयार घर घे. रस्त्यालगतचा तुकडा घे.’’

‘‘रानच.’’

‘‘काय करणार तू त्याचं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे?’’

‘‘काहीच नाही. तुम्ही दोघांनी इतकी वर्षं केलंत तेच.’’

दादाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तो सावकाश, प्रत्येक शब्द तोलून बोलला. ‘‘कळलं मला. आमचं जुळलं ते तुला बघवत नाही. इतकी वर्षं दोघांच्या मधे बसून मोठेपणा केलास. आता तो गेला, म्हणून ही खोड काढलीस.’’

ताईला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण त्यात थोडं खरं होतं, आणि थोडं खरं असलं की पटकन नाही म्हणता येत नाही. ती पायात चपला घालून निघाली. मागून भाऊ ‘ताई’ म्हणून हाक मारेल असं तिला वाटलं. हाक आली नाही. अंगणाच्या फाटकाशी धाकटी भावजय तेवढी धापा टाकत आली आणि तिच्या हातात डबा कोंबत कुजबुजली, ‘‘वन्सं, मागे हटू नका हं. आमच्या घरात प्यायचं पाणी त्याच ओढ्याचं आहे. पण हे मी बोलले नाही.’’

सोमवारी सकाळी ताईने रजा टाकली आणि वकिलाचं ऑफिस गाठलं. जिन्याखालची खोली, पंखा खरखरत होता आणि फायलींच्या ढिगाऱ्यात एक सडसडीत माणूस चहा पीत होता.

‘‘ताई, तुम्हाला रान हवंय, की रानाचे पैसे?’’

‘‘दोन्ही नको. केस हवी.’’

वकिलाने कप खाली ठेवला.

‘‘किती दिवस चालेल?’’ ताईने विचारलं.

‘‘घाबरू नका, आपण लवकरात लवकर—’’

‘‘लवकर नको.’’

वकिलाच्या चेहऱ्यावर मग जे पसरलं ते फक्त आपल्या कलेचा खरा रसिक भेटलेल्या कलावंताच्या चेहऱ्यावर दिसतं. ‘‘तोंडी वाटणी,’’ तो म्हणाला. ‘‘साक्षीदार वारलेले. हद्दीला ओढा, आणि ओढा दर पावसाळ्यात पात्र बदलणारा. ताई, मी म्हातारा होईपर्यंत चालवू.’’

‘‘तुमचं वय काय?’’ ताईने काळजीने विचारलं.

दुपारपर्यंत कोर्टाचा हुकूम निघाला. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. पिवळं यंत्र तोवर कडेची काही झाडं आडवी करून चुकलं होतं. हुकूम बघितल्यावर चालकाने इंजिन बंद केलं आणि सावली म्हणून आडव्या पडलेल्या झाडापाशी बसून डबा उघडला.

गावात बोभाटा झाला. सख्ख्या भावांना कोर्टात खेचलं म्हणून बायकांनी दुकानात ताईशी बोलणं टाकलं. कोठारातल्या साहेबांनीसुद्धा, ‘‘मिटवून टाका हो, रक्ताचं नातं आहे,’’ असं सुचवलं. नवऱ्याचा बंदरावरून फोन आला.

‘‘जिंकलीस तर त्या रानाचं करायचं काय?’’

‘‘जिंकायचं नाहीये.’’

‘‘मग हरायचंय?’’

‘‘हरायचंही नाही.’’

 ‘‘बरं,’’ तो म्हणाला, ‘‘जेवलीस का?’’

दोघं भाऊ मात्र आता इतके एक झाले की विचारू नका. वकील एकच, गाडी एकच, कोर्टाच्या पायऱ्या चढताना भाऊ दादाचा हात धरायचा. त्यांचे ट्रक काट्यावर येत, पण निरोप ड्रायव्हर आणत. ‘‘दादांनी सांगितलंय, त्या बाईला म्हणावं वजन नीट कर,’’ ड्रायव्हर तिच्या तोंडावर जसंच्या तसं म्हणायचा. त्याला या कामाचा सराव नव्हता. ताई वजन नीटच करायची. दोघांचा दाणा अजून भरलेला, टपोरा होता. तेवढं ती हातात घेऊन बघायची.

पाहणीवाल्या बाईंना केसचं कळलं तेव्हा त्या नाराज झाल्या. कुटुंबातल्या कलहामुळे एका आदर्श उदाहरणाला गालबोट लागतं, असं त्यांनी ताईला फोनवर सौम्य शब्दांत सांगितलं. दोघा भावांना मात्र त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुढे भाषणाला नेलं. विषय होता, ‘एकोप्याने रान कसं राखावं.’ दादा आणि भाऊ आठवडाभर फिरले. ती फिल्म दाखवली, टाळ्या घेतल्या, आणि तेच रान तोडायची परवानगी मिळावी म्हणून परतीच्या वाटेवर वकिलाला भेटून आले. यात काही वावगं आहे असं दोघांना वाटलं नाही. खरं सांगायचं तर भाषणापुरतं त्यांना ते पटतही होतं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने म्हणे घरी जाऊन आपल्या रानाची तोड थांबवली. कोण कशाने सुधारेल सांगता येत नाही.

वर्ष गेलं. मग कोर्टाने ठरवलं, जागेची पाहणी व्हावी. एक कमिशनर नेमला. चकचकीत बूट घातलेले, काखेत फाइल धरलेले गृहस्थ सकाळी रानाच्या कडेला हजर झाले. दोन्ही पक्षांनी सोबत चालायचं होतं. वकील लोकांनी आत डोकावून बघितलं आणि आपण बाहेरच थांबून जास्त उपयोगी पडू, असं ठरवलं. मग पुढे भाऊ कोयता घेऊन, मागे दादा, मग ताई, शेवटी कमिशनर, अशी वरात आत शिरली.

बाहेर ऊन भाजत होतं. दहा पावलांत ते मागे राहिलं. पायाखाली ओला पाचोळा, वर कुठेतरी फळं खाली टाकणारी माकडं, आणि ओढा दिसायच्या आधीच ऐकू येऊ लागला. ताईने साडी घोट्याच्या वर खोचली होती आणि जळवांच्या धास्तीने ती सारखी पाय झटकत होती. रान तिला आवडलं होतं असं नाही. फिल्ममधलं बरं होतं, तिथे डास नव्हते.

बरंच आत गेल्यावर भाऊ थांबला. वाट चुकली होती. चौघंही उभे राहिले. समोर फिल्ममधल्यासारखाच एक बुंधा होता. भाऊने सवयीने हात पसरून माप घेतलं, गाल सालीला टेकला आणि तसाच राहिला. बहुधा दमला होता. दादा एका बाहेर आलेल्या मुळावर बसला. त्याला आता फार चालवत नव्हतं. चेहरा लाल झाला होता. ताईने पिशवीतली पाण्याची बाटली काढली, दोनदा आत ठेवली, आणि शेवटी त्याच्यापुढे धरली. दादाने कोर्टाची अदब पाळून आधी कमिशनरकडे बघितलं. मग घटाघट प्यायला.

‘‘गार आहे गं इथं,’’ तो म्हणाला.

ताईने बाटली परत घेऊन पिशवीत ठेवली. 

‘‘वडील कधी इथवर आले असतील का?’’ भाऊने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. 

कमिशनर ओल्या लाकडावर रुमाल पसरून बसले आणि त्यांनी फाइल उघडली. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, ‘झाडे : पुष्कळ.’ मग वर बघितलं, आणखी थोडा विचार केला आणि पुढे लिहिलं, ‘उंच.’

दादा गुडघ्यावर हात टेकून उठला. ‘‘केस काढून घेणार नाहीस ना?’’

‘‘नाही.’’

‘‘आम्हीपण सोडणार नाही.’’

‘‘नका सोडू.’’

‘‘बरं,’’ दादा म्हणाला. उतारावर पाय घसरायला लागले तेव्हा त्याने मागे न बघता हात मागे केला, आणि ताईने तो धरला. भाऊ पुढे वेली तोडत वाट काढत होता, हवी होती त्याच्या बरोबर उलट दिशेने. त्या हिशेबाने बाहेर पडायला संध्याकाळ होणार होती. कुणी त्याला ते सांगितलं नाही.